खरकट्या पाण्याकडे बघत बसलेली मुलगी

आमच्याकडे निफाड-पिंपळगावच्या बागांत फवारणीच्या औषधात थोडं स्टिकर, म्हणजे औषध पसरवून चिकटवणारं द्रव्य, टाकतात. ते नसलं तर द्राक्षमण्याच्या मेणचट सालीवरून थेंब घरंगळून जातात. स्टिकरने पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आवळून धरणारी ओढ, उतरतो आणि थेंब पसरतो. हा ताण मोजायचं साधन घरच्या घरी बनवलं होतं जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्सने.

जन्म 1862चा. भौतिकशास्त्राची विलक्षण ओढ, पण तेव्हा विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. पुढे दारं उघडली, तोवर आजारी आईवडिलांचं करणं तिच्याकडे आलं होतं. धाकटा भाऊ पुस्तकं पुरवायचा. बाकी प्रयोगशाळा म्हणजे स्वयंपाकघर, आणि अभ्यासाचा विषय खरकटं, तेलकट पाणी.

भांडी बाजारातून आजीने आणलेल्या पितळी परातीत मी परवा पाणी घेतलं, वर मिरेपूड भुरभुरली आणि साबण लावलेली काडी मधोमध टेकवली. पूड क्षणात काठाला पळाली. साबणाने मधला ताण कमी केला, काठाकडच्या पाण्याने पूड ओढून नेली.

आग्नेसने ही ओढ मोजली. 70 सेंटिमीटर लांब, 5 रुंद, 2 खोल असं पत्र्याचं पाळं काठोकाठ भरायचं, त्यावर पत्र्याची पट्टी आडवी ठेवायची. पट्टी सरकवली की तेलकट थराची जागा आक्रसते. पाण्याला टेकलेली छोटी चकती तराजूने उचलायला किती जोर लागतो, तोच ताणाचा अंदाज. तिला दिसलं ते असं: जागा कमी करत गेलं तरी बराच वेळ ताण जवळजवळ तसाच राहतो, आणि एका ठरावीक मर्यादेनंतर झपकन उतरतो. पर्वणीला रामकुंडावर असंच होतं. अंगाला अंग लागेपर्यंत माणसं सुखाने फिरतात, मग रेटारेटी सुरू होते. इथे खांद्याला खांदा लावून उभे असतात रेणू, जेमतेम एका रेणूइतक्या जाडीच्या थरात.

जवळपास दहा वर्षं हे काम घरातच राहिलं. जानेवारी 1891मध्ये तिने इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. त्यांच्या पत्नीने ते इंग्रजीत आणलं, आणि रॅलेंच्या शब्दाखातर 12 मार्चला 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाने छापलं. रॅलेंचा हा मोठेपणा मला फार मोलाचा वाटतो.

पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूरने तीच युक्ती सुधारून वापरली. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्याला 1932चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठाने सत्तरीतल्या आग्नेसला मानद डॉक्टरेट दिली. पाळ्याला आज लँगम्यूरचं नाव आहे, आणि ते मला खुपतं.