धमनीभोवतीची पोकळी: विजेसारखी डोकेदुखी आणि मेंदूचा निचरा

आंघोळीच्या वेळी गरम पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतला आणि त्याच क्षणी डोक्यात वीज कोसळावी तशी कळ उठली, असे सांगणारे रुग्ण मेंदूविकारतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचे असतात. नेहमीची डोकेदुखी हळूहळू चढते; ही मात्र मिनिटभराच्या आत शिगेला पोहोचते, तासा-दोन तासांत ओसरते आणि पुढच्या एकदोन आठवड्यांत खोकला, शौचाच्या वेळचा जोर, शारीरिक श्रम, संभोग किंवा पुन्हा तीच आंघोळ अशा एखाद्या निमित्ताने परत परत येते. अशी डोकेदुखी आयुष्यात पहिल्यांदा झाली तर ती मेंदूतील रक्तस्रावामुळे नाही ना, हे आधी तातडीने रुग्णालयात जाऊन तपासावे लागते, आणि त्यात दिरंगाई परवडत नाही. रक्तस्राव नाही, धमनीला फुगा आलेला नाही, असे निष्पन्न झाल्यावर मग ज्या विकाराचा विचार होतो त्याचे नाव लांबलचक आहे: रिव्हर्सिबल सेरेब्रल व्हॅसोकन्स्ट्रिक्शन सिंड्रोम, म्हणजेच आरसीव्हीएस. मेंदूच्या धमन्या जागोजागी आवळल्या जातात आणि काही काळाने आपोआप पूर्ववत होतात, एवढाच त्या नावाचा अर्थ.

कॉल आणि फ्लेमिंग या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे बराच काळ हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला गेला. प्रसूतीनंतर होणारा प्रकार, औषधांमुळे होणारा प्रकार, अर्धशिशीसोबत दिसणारा प्रकार अशी वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली ही मंडळी २००७ मध्ये एका छत्राखाली आली. रुग्णांमध्ये चाळिशीच्या आसपासच्या स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. चोंदलेले नाक मोकळे करणारी काही औषधे, नैराश्यावरची काही औषधे, अर्धशिशीवर दिली जाणारी ट्रिप्टान औषधे आणि गांजा यांच्याशी या विकाराचा संबंध वारंवार आढळला आहे. अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या चित्रणात, धमन्या मण्यांच्या माळेसारख्या दिसतात, म्हणजे एक भाग फुगीर आणि पुढचा आवळलेला. साधारण तीन महिन्यांत ही माळ नाहीशी होते. बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, परंतु काहींना दरम्यानच्या काळात पक्षाघात किंवा रक्तस्राव होतो, म्हणून विकाराला सौम्य म्हणून सोडून देता येत नाही.

इथे एक कोडे आहे. डोकेदुखीचे झटके पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत काढलेल्या अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या पुष्कळदा अगदी निर्दोष दिसतात. त्या सर्वाधिक आवळलेल्या दिसतात त्या दोन-तीन आठवड्यांनी, जेव्हा झटके थांबत आलेले असतात. आवळणे टोकाच्या बारीक धमन्यांपासून सुरू होऊन बुंध्याकडे सरकते, असे यावरचे प्रचलित स्पष्टीकरण आहे आणि ते पटण्याजोगेही आहे. तरीही धमनी आवळली म्हणून डोके दुखले, इतका सरळ हिशेब यातून लागत नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत संशोधकांची नजर धमनीच्या आतून निघून तिच्या बाहेर, तिच्याभोवतीच्या पोकळीकडे वळली आहे.

ही पोकळी नवी नाही. विरखॉव्ह आणि रोबँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिचे वर्णन केले होते आणि शरीररचनेच्या पुस्तकांत ती आजही त्यांच्याच नावाने आहे. तिचे काम काय, हे मात्र २०१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड आणि जेफ्री इलिफ यांच्या गटाने केलेल्या प्रयोगांमुळे चर्चेत आले. आपल्या मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती कोणत्याही क्षणी सुमारे १५० मिलिलिटर स्वच्छ द्रव असतो, आणि दिवसभरात तो सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. म्हणजे सगळा साठा दिवसातून तीन-चार वेळा बदलला जातो. या गटाने उंदरांच्या या द्रवात चकाकणारा रंग सोडला आणि तो कुठे जातो ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रंग मेंदूच्या पृष्ठभागावर नुसता पसरला नाही; तो धमन्यांच्या कडेकडेने, जणू पाण्याच्या पाइपाला बाहेरून बसवलेल्या सैल नळीतून, मेंदूच्या गाभ्यात उतरला, पेशींमधल्या फटींतून झिरपला आणि शिरांच्या बाजूने बाहेर पडला. त्या सैल नळीची बाहेरची भिंत तारकापेशींच्या, म्हणजे मेंदूतल्या ताऱ्यासारख्या आधारपेशींच्या, पसरट पावलांची असते आणि त्या पावलांवर अ‍ॅक्वापोरिन-४ नावाच्या, फक्त पाण्याला वाट देणाऱ्या प्रथिनाची दाटी असते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांमध्ये निचरा लक्षणीय मंदावला. शरीरात इतरत्र लसीकावाहिन्या (लिम्फॅटिक) करतात ते काम इथे ग्लायल पेशींच्या, म्हणजे तारकापेशींसारख्या आधारपेशींच्या, मदतीने होते, म्हणून या व्यवस्थेला ग्लिम्फॅटिक व्यवस्था हे जोडनाव मिळाले.

आता या द्रवाला ढकलतो कोण? मुख्यतः धमनीच. २०१८ मध्ये याच गटाने उंदराच्या मेंदूवरील धमनीभोवतीच्या पोकळीत अतिसूक्ष्म गोळ्या सोडून त्यांचा माग काढला. गोळ्या हृदयाच्या ठोक्याबरोबर पुढे झेपावत, किंचित मागे येत आणि पुन्हा पुढे जात. सरासरी वेग सेकंदाला सुमारे १९ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढे अंतर कापायला चारेक सेकंद. औषध देऊन रक्तदाब वाढवल्यावर धमनीच्या भिंतीची हालचाल बदलली, मागे येणे वाढले आणि निव्वळ पुढची चाल घटली. रक्त आत आणणारी धमनीच बाहेरच्या अंगाने मोरीचा पंपही चालवते, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की रक्तवाहिन्यांच्या विकारांकडे पाहण्याची रीतच बदलते. जिचे स्पंदन बिघडले आहे अशी धमनी पुरवठा कमी करील हे आपण जाणतोच. पण ती कचराही तुंबवील, याचा विचार आजवर फारसा झालेला नव्हता.

तुंबण्याचा डोकेदुखीशी संबंध काय, याचे सर्वांत बोलके पुरावे अर्धशिशीच्या प्रयोगांतून आले आहेत. अर्धशिशीच्या काही रुग्णांना डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमचमत्या रेषा दिसतात. त्यामागे मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने सरकणारी विद्युत उलथापालथीची एक लाट असते, असे मानले जाते. बॉस्टनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांमध्ये ही लाट उठवली, तेव्हा रक्तवाहिन्यांभोवतीच्या पोकळ्या काही मिनिटांत मिटल्या आणि अर्ध्या तासापर्यंतच्या अवधीत हळूहळू उघडल्या. तेवढ्या वेळात निचराही मंदावला. मग कोपनहेगनमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी साखळीची पुढची कडी दाखवली. चेहरा आणि डोक्याच्या वेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेची गाठ, म्हणजे तिच्या चेतापेशींचा पुंजका, मेंदूच्या बाहेर असते, तरीही मेंदूभोवतीचा द्रव तिच्या मुळाशी थेट पोहोचतो, कारण तिथे अडवणारा पडदाच नसतो. लाट येऊन गेल्यावर त्या द्रवातल्या तपासलेल्या चौदाशेहून अधिक प्रथिनांपैकी सुमारे ११ टक्क्यांचे प्रमाण बदलले होते, आणि हा द्रव त्या गाठीतील चेतापेशींना उद्दीपित करीत होता. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो. मग मेंदूतल्या घडामोडीने डोके का दुखावे, या जुन्या प्रश्नाचे हे मला तरी आजवरचे सर्वांत सुटसुटीत उत्तर वाटते. मात्र उंदीर डोके दुखते असे सांगत नाही, हेही विसरता येत नाही.

आरसीव्हीएसच्या रुग्णांमध्ये या दिशेने दोन धागे हाती आले आहेत. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की अनेक रुग्णांमध्ये एमआरआयसाठी शिरेतून दिलेला गॅडोलिनियमचा रंग रक्तवाहिन्यांतून झिरपून मेंदूभोवतीच्या द्रवात उतरतो, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यातला बंदोबस्त ठिकठिकाणी ढिला पडलेला असतो. तैवानमधील गटाने २०२४ मध्ये एमआरआयवरून काढलेला निचऱ्याचा एक निर्देशांक या रुग्णांमध्ये निरोगी माणसांपेक्षा कमी असल्याचे आणि आजाराच्या टप्प्यांनुसार तो बदलत असल्याचे नोंदवले. दोन्ही एकत्र धरले तर चित्र असे उभे राहते की एकीकडे भिंतीतून नको ते पदार्थ गळत आहेत आणि दुसरीकडे ते वाहून नेणारी वाट चिंचोळी झाली आहे. बारीक धमन्यांच्या पातळीवर हे पहिल्या दिवसापासून घडत असेल, तर मोठ्या धमन्या निर्दोष दिसत असतानाच वेदना शिगेला का पोहोचते, त्याचा उलगडा होऊ शकतो.

इथे हात थोडा आखडता घ्यायला हवा. तैवानच्या गटाने वापरलेला निर्देशांक जपानमधील ताओका यांनी २०१७ मध्ये सुचवला, आणि रंग टोचावा लागत नसल्यामुळे तो झपाट्याने लोकप्रिय झाला; पण तो प्रत्यक्ष निचरा मोजत नाही, मेंदूच्या एका ठरावीक पट्ट्यात पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने अधिक हलतात तेवढेच मोजतो. शुभ्र द्रव्यातील, म्हणजे मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातील, चेतातंतू विस्कटले तरी तो बदलू शकतो. शिवाय मूळ सिद्धान्तावरही वाद आहे. झोपेत उंदरांच्या मेंदूतील पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि निचरा वेगावतो, हे नेडरगार्ड गटाचे २०१३ मधील निष्कर्ष जगभर गाजले. २०२४ मध्ये लंडनमधील संशोधकांना मात्र झोपेत आणि भूल दिल्यावर निचरा उलट कमी झालेला आढळला. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे दोन्ही गट आपापल्या जागी ठाम आहेत.

उपचारांत यामुळे आज काही बदललेले नाही. धमन्या आवळणाऱ्या औषधांपासून दूर राहणे, काही आठवडे श्रम आणि झटका आणणारी निमित्ते टाळणे, आणि अनेक ठिकाणी धमन्या सैल करणारे निमोडिपिनसारखे औषध, हीच दिशा कायम आहे. कोडे सुटायचे तर पहिल्या झटक्याच्या वेळची एमआरआय चित्रे हवीत, आणि तीच मिळत नाहीत. पहिला झटका न्हाणीघरात येतो, तासाभरात उतरतो, रुग्ण पित्त झाले असेल म्हणून आडवा होतो, आणि तो यंत्रात पोहोचतो तो तिसऱ्या किंवा चौथ्या झटक्यानंतर.