नाकातली नळी रात्रीच का चोकअप होते? (राईल्स ट्यूबचा पेशंट घरी असलेल्यांसाठी)

राईल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, तिच्यातून फीड (पातळ अन्न) कसं द्यायचं, सिरिंज कशी धरायची हे हॉस्पिटलमधून निघताना सिस्टरनी तुम्हाला दाखवलेलं असणार, ते सगळं परत लिहीत बसत नाही. हा कागद छापायचं कारण एकच, आम्ही घरी येऊन नळीची देखभाल करतो आणि रात्री येणारे आमचे बहुतेक फोन "नळी चोकअप झालीये, पाणीच आत जात नाहीये" एवढ्यासाठीच असतात.

आणि हे रात्रीच का होतं, तर रात्रीच्या गोळ्या. बीपीची, फिटची, कॅल्शियम, झोपेची, सगळ्या एकत्र खलबत्त्यात घालून कुटायच्या, फीडमधे ढवळायच्या, सिरिंजने सोडायच्या आणि लाईट बंद. मागच्या पावसाळ्यात एका आजींची नळी काढल्यावर त्यांच्या मुलासमोर सिंकमधे उभी कापून दाखवली, आत वीतभर गुलाबी खडू भरल्यासारखं घट्ट झालेलं आणि त्यात इसबगोल. मुलगा म्हणाला "पण गोळ्या अगदी पिठासारख्या केल्या होत्या हो." केल्या होत्या, मान्य. पण गोळी नुसती बारीक करून भागत नाही, मागून पाणी गेलं पाहिजे. नळीच्या नंबराला 3 ने भागा, बाहेरची जाडी मिलिमीटरमधे निघते, म्हणजे हिरव्या टोकाची 14 नंबरची नळी बाहेरूनच पावणेपाच मिलिमीटरपेक्षा कमी, आतली जागा त्याहून अरुंद, त्यात फीडचा साका राहिला आणि वर गोळीची पूड बसली की झालं.

म्हणून गोळ्या फीडमधे मिसळूच नका. आधी 30 एमएल कोमट पाणी, मग एक गोळी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून, मधे 10-15 एमएल पाणी, मग दुसरी गोळी, आणि शेवटी परत 30 एमएल. पाच गोळ्यांना दहा मिनिटं जातात, जाऊ देत. किडनीच्या किंवा हार्टच्या पेशंटला पाणी मोजून असेल तर हे पाणीसुद्धा त्या हिशोबात धरायचं, किती चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असं काही असेल किंवा पँटोप्राझोलसारखी कोटिंगवाली गोळी असेल तर ती कुटायचीच नाही, डॉक्टरांना सांगा, सिरप किंवा पाण्यात विरघळणारी गोळी बऱ्याचदा मिळते. सिरपही घट्ट असतं, त्यात पाणी घाला. इसबगोल नळीतून कधीच नाही.

तरीही अडकलीच तर आधी नाकाजवळची मार्करची खूण (नळी किती आत आहे ते दाखवणारी) जागेवर आहे का बघा. खूण सरकली असेल, पेशंट खोकतोय, दम लागलाय, तर पाण्याचा थेंबही सोडू नका, फोन करा, दम जास्त असेल तर आमची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. खूण जागेवर असेल तर 50 एमएलच्या सिरिंजने कोमट पाणी हलक्या हाताने आत-बाहेर करायचं, नळी बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, परत एकदा करायचं. छोटी सिरिंज घेऊ नका, 2 एमएलच्या सिरिंजने प्रेशर खूप जास्त येतं आणि नळी फाटू शकते. कोल्ड्रिंक नको, त्याच्या आंबटपणाने आतलं दूध फाटून आणखी घट्ट होतं. तार तर नकोच नको, झाडूची काडी घातलेली पण आम्ही पाहिलीये.

अर्ध्या तासात सुटली नाही तर आम्ही नळीच बदलतो, जोर लावत बसत नाही. काहींना वाटतं हे नळी खपवायला करतात. अहो, आमच्या बिलात नळी हीच सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, पैसे जातात ते रात्रीच्या व्हिजिटचे, आणि ते वाचावेत म्हणून तर एवढं लिहितोय.

दुसरी तक्रार म्हणजे "तुमचा ब्रदर नळी घातल्यावर फीड लगेच चालू करू देत नाही, आधीचा माणूस पाच मिनिटांत हवा सोडून, पोटावर स्टेथोस्कोप लावून मोकळा व्हायचा." नळी चुकून फुफ्फुसाकडे गेली असली तरी तो गुडगुड आवाज ऐकू येऊ शकतो, म्हणून आम्ही त्याच्यावर विसंबत नाही. पोटातलं पाणी ओढून पीएच पट्टीवर (आंबटपणा दाखवणारी पट्टी, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) बघतो, 5.5 किंवा त्याखाली आला तरच फीड. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असल्या की पीएच वर दाखवतो, काही वेळा आतलं पाणी येतच नाही, अशा वेळी एक्स-रे सांगतो, आणि त्यावरून कोणी रागावलं तरी चालेल. निघालेली नळी घरच्यांनी परत आत सारू नये तेही ह्याच कारणासाठी. पोटाला भोक पाडून थेट आत घातलेली पेगची नळी निघाली तर मात्र आम्हाला फोन नंतर, आधी हॉस्पिटल, ते भोक काही तासांत बुजायला लागतं.

बाकी थोडक्यात. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवा, फीड झाल्यावरही तासभर तशीच. नाचणीची पेज गार झाली की घट्ट होते, म्हणून देताना कोमट करून परत गाळा, चहाची गाळणी नाही, मलमलचं फडकं. सकाळचं फीड ओट्यावर ठेवून दुपारी दिलं की जुलाब लागतात आणि नाव येतं नळीवर. तोंडाने खात नसले तरी तोंड रोज साफ करायचंच.

महिन्याच्या पॅकेजमधे नळी बदलणं, चिकटपट्टी आणि एक फीडिंग सिरिंज येते, आणि पहिल्या व्हिजिटला आमची सिस्टर पेशंटला सांभाळणाऱ्या तुमच्या मावशींना स्वतःसमोर त्यांच्याच हाताने गोळ्या द्यायला लावते, कुठल्या गोळीनंतर किती पाणी ते फ्रिजवर लिहून चिकटवते. नुसती शिकवणी हवी असली तरी येतो, पॅकेज घेतलंच पाहिजे असं नाही. फोन करायच्या आधी नाकाजवळच्या खुणेचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका, आणि शेवटचं पाणी किती वाजता गेलं होतं ते मावशींना विचारून ठेवा.