जाड लिंक बसवली म्हणजे गाडी कमी कलते?

एसयूव्हीच्या स्टॅबिलायझर बारची (दोन्ही बाजूंचे सस्पेन्शन जोडून वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या आडव्या दांडीची) मूळ लिंक बारीक किंवा प्लॅस्टिकची दिसते, म्हणून ती कमकुवत असते आणि बाहेरच्या कंपनीची जाड धातूची लिंक बसवल्यास वळणावर गाडी कमी कलते, हा समज बराच जुना आहे. तो चुकीचा आहे.

लिंक ही बारचे टोक आणि सस्पेन्शनचा आर्म किंवा स्ट्रट यांना जोडणारी एक दांडी असून तिच्यावर मुख्यतः ओढ आणि दाब एवढेच येतात. गाडीचे कलणे रोखतो तो बारचा पिळाला विरोध करणारा कडकपणा, आणि तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते : भरीव बार 10 टक्के जाड केला, तर तो सुमारे 46 टक्के कडक होतो. लिंकची जाडी या हिशेबात जवळजवळ येतच नाही. झिजलेली लिंक बदलल्यावर गाडी 'घट्ट' वाटते, पण तो फरक नवेपणाचा असतो.

निकामी होतो तो बहुधा बॉल जॉइंट, म्हणजे लिंकच्या टोकाचा गोल फिरता सांधा. त्यावरचे रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटले, की पाणी आणि माती आत शिरते आणि लहान खड्ड्यांवरही टकटक ऐकू येते. त्यामुळे निवड करताना दांडीपेक्षा बूट पाहावे. ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असलेली लिंक चांगलीच, मात्र वेळोवेळी ग्रीस भरणाऱ्यासाठी. इतरांना सीलबंद मूळ लिंकच सोयीची. गाडीची उंची वाढवली असेल, तर मात्र बारचा कोन बिघडतो आणि तेथे लांबी जुळवता येणारी बाहेरची लिंक खरोखर उपयोगी पडते.