सायॉन ५एमएक्स: सरकणारा कीबोर्ड आणि तुटणारी पट्टी

झाकण उचलले की कीबोर्ड स्वतःहून पुढे सरकतो, पडदा मागे रेलतो आणि टक् आवाज करून दोन्ही आपापल्या जागी बसतात. १९९७ मध्ये आलेल्या सायॉन सीरीज ५ या हातात मावणाऱ्या संगणकाची आणि त्याच्या १९९९ मधल्या ५एमएक्स या सुधारित आवृत्तीची ही खूण. पंचवीसेक वर्षे कपाटात पडून राहिलेले यंत्र दिवाळीच्या आवराआवरीत हाती लागते, तेव्हा माणूस आधी हेच करून बघतो. आणि पुष्कळदा इथेच पडद्यावर रेषा उमटतात, किंवा पडदा कोराच राहतो. हा बिघाड कुठून येतो हे समजायचे, तर ही हालचाल मुळात का करावी लागली हे पाहायला हवे.

सायॉन ही कंपनी १९८० मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. संस्थापक डेव्हिड पॉटर हे इम्पीरियल कॉलेजातले अध्यापक. पहिली काही वर्षे ही मंडळी फक्त सॉफ्टवेअर लिहीत होती. सिंक्लेअरच्या झेडएक्स ८१ या घरगुती संगणकावर विमान उडवण्याचा त्यांचा खेळ होता, आणि सिंक्लेअरच्याच १९८४ च्या क्यूएल या संगणकाबरोबर येणारे लेखन, हिशेब, नोंदी आणि आलेखांचे चारही प्रोग्रॅम त्यांचेच. त्याच वर्षी त्यांनी स्वतःचे यंत्र काढले, ऑर्गनायझर. सोळा अक्षरांची एकच ओळ दाखवणारा पडदा, ए-बी-सी-डी क्रमाने लावलेल्या कळा, आणि ट्रान्झिस्टरमध्ये घालतात तसली नऊ व्होल्टची बॅटरी. माहिती साठवायला इप्रॉम चिप असलेल्या छोट्या डब्या होत्या. त्यांतली नोंद खोडली तरी जागा मोकळी होत नसे. डबी भरली की ती अतिनील दिव्याखाली धरून कोरी करावी लागे. गैरसोयीचीच पद्धत, पण तिचा एक मोठा गुण होता: बॅटरी संपली तरी लिहिलेले जात नसे. पुढच्या पिढ्यांनी नेमका हा गुण सोडला. त्याकडे खाली येऊ.

१९९१ ची सीरीज ३ ही चष्म्याच्या घरासारखी उघडणारी. पूर्ण क्वर्टी कळा, २४० बाय ८० ठिपक्यांचा पडदा, आणि मागच्या गोल कण्यात दोन पेन्सिल सेल. त्या काळी मुंबईत अशा कुठल्याही वस्तूला सरसकट ‘डिजिटल डायरी’ म्हणत. पण कॅसिओ-शार्पच्या डायऱ्यांत नंबर आणि भेटी लिहून ठेवाव्यात, एवढेच. सीरीज ३ वर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालत आणि ओपीएल नावाच्या भाषेत यंत्रावर बसल्या बसल्या नवा प्रोग्रॅमही लिहिता येई. उणीव होती ती कळांची. कॅल्क्युलेटरसारख्या चपट्या कळांवर दोन अंगठ्यांनी नोंद होते, पानभर मजकूर होत नाही.

सीरीज ५ ने ही उणीव दूर करायचे ठरवले, आणि तिथे एक पेच आला. सगळे यंत्र १७ सेंटीमीटर लांब, ९ रुंद आणि २.३ जाड. दहा बोटांनी टाइप करायचे तर कळा कडेपर्यंत पोचल्या पाहिजेत, दाबल्यावर खाली जाऊन वर आल्या पाहिजेत. पडदा ६४० बाय २४० ठिपक्यांचा, शिवाय स्पर्शाने चालणारा. आता साधी बिजागरी लावून पडदा उभा केला आणि त्यावर लेखणी टेकवली, तर साडेतीनशे ग्रॅमचे हलके यंत्र सरळ मागे कलंडणार. थेअरफोर या डिझाइन संस्थेचे मार्टिन रिडिफर्ड यांनी यावर जो तोडगा काढला तो या यंत्राचा प्राण आहे. झाकण उघडताना कीबोर्ड पुढे येतो, पडद्याचा भार यंत्राच्या मागच्या टोकावर न पडता मधोमध पडतो, आणि लेखणीने कितीही टोचले तरी काही हलत नाही. पुढे आलेल्या कीबोर्डमुळे तळव्यांनाही जागा मिळते. इतक्या लहान आकारात इतके खरे टायपिंग देणारा दुसरा कीबोर्ड त्या दशकात झाला नाही, हे आमचे ठाम मत आहे.

पण मदरबोर्ड खालच्या भागात आणि पडदा वरच्या. मधला संबंध एका पातळ फ्लेक्स पट्टीचा. साध्या बिजागरीत अशी पट्टी फक्त वळते. इथे ती वळते, सरकते आणि पुन्हा दुमडते, प्रत्येक उघडझापीला, त्याच रेषेवर. प्लॅस्टिकच्या पापुद्र्यातले तांब्याचे धागे कधीतरी तिथे तडकतात. आधी एक-दोन धागे जातात, म्हणून सुरुवातीला रेषा दिसतात, तेही झाकण एका विशिष्ट कोनात असतानाच. झाकण थोडे पुढे घेतले तर चित्र परत येते. मालकाला वाटते कुठेतरी लूज कनेक्शन आहे, आणि तो झाकण पुन्हा पुन्हा हलवत बसतो. तेवढ्यात उरलेले धागेही जातात. म्हणून खूण लक्षात ठेवावी: कोनाप्रमाणे चित्र बदलत असेल तर ती पट्टीच. ज्या कोनात दिसते त्या कोनात झाकण तसेच ठेवावे आणि आधी सगळा डेटा बाहेर काढावा. बदलीच्या पट्ट्या जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीवाल्यांकडून बाहेरून मागवाव्या लागतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एरवी कुठलीही फ्लेक्स मिळेल, पण ही मिळत नाही. रुंदी जुळवून दुसरीच बसवली तर सरकताना ती अडकते, आणि मग बिजागरीचे प्लॅस्टिकही मोडते.

आतल्या प्रणालीचे नाव एपॉक. सीरीज ५ साठी ती नव्याने, सी प्लस प्लसमध्ये लिहिली गेली. प्रोसेसर एआरएमचा, मूळ सीरीज ५ मध्ये १८ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि ५एमएक्समध्ये बरोबर दुप्पट, ३६. मेमरी आधी ४ किंवा ८ एमबी, नंतर १६. आजच्या हिशेबाने हे आकडे काहीच नाहीत, पण कळ दाबली की अक्षर लगेच उमटते, कारण दोन कळांच्या मधल्या वेळात प्रोसेसर जवळजवळ झोपलेला असतो आणि यंत्र कधी ‘बूट’ होत नाही, फक्त जागे होते. दोन पेन्सिल सेलवर दिवस निघायचे ते याच कारणाने.

जून १९९८ मध्ये सायॉन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिंबियन ही कंपनी काढली आणि एपॉक तिच्याकडे सोपवली. सीरीज ५ मुंबईत फार थोड्यांच्या हाती आली, परदेशातून कोणी आणली तर. पण तिचा वंशज, म्हणजे सिंबियनवर चालणारा फोन, लोकलच्या प्रत्येक डब्यात होता. नोकिया ६६०० घ्या. त्यात फोनची मेमरी सी, कार्ड ई आणि फोनबरोबर आलेले सॉफ्टवेअर झेड या अक्षराखाली दिसायचे. हे झेड थेट एपॉकचे. प्रोग्रॅम बसवण्यासाठी ब्लूटूथवरून एकमेकांना पाठवलेल्या सिस फाइलींचा प्रकारही तिथलाच. तुकारामबीजेला देहूत गेल्यावर मूळ कळावे, तसे ५एमएक्सची सिस्टम स्क्रीन उघडल्यावर सिंबियन फोनचे मूळ दिसते. सायॉनने स्वतः मात्र जुलै २००१ मध्ये हाती धरायच्या घरगुती संगणकांचा धंदा सोडला. २००४ मध्ये सिंबियनमधला हिस्साही विकला. गोदामे आणि कारखान्यांसाठी मजबूत यंत्रे बनवणारी जी कंपनी उरली, ती २०१२ मध्ये मोटोरोला सोल्युशन्सने घेतली.

आता हाती आलेल्या यंत्राकडे. नवे सेल घालायची घाई करू नये. आधी दोन्ही कप्पे उघडून बघावेत, मोठ्या सेलांचा आणि सीआर २०३२ या बटण सेलचा. पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरे किंवा हिरवट फूल आले असेल तर जुना अल्कलाइन सेल गळला आहे. कानकोरणीच्या कापसाला पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब लावून पुसावे, फेस थांबेपर्यंत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दिवसभर वाळू द्यावे. व्हिनेगर आत ओतू नये, ते कप्प्याच्या फटीतून बोर्डावर उतरते.

बाहेरचे रबरी रंगकाम मुंबईच्या हवेत टिकत नाही. हाताला मऊ लागावा म्हणून दिलेला तो पॉलियुरेथेनचा थर दमटपणाने विघटित होतो आणि गुळाच्या ढेपेसारखा चिकट होतो. त्यावर पावडर चोळणे हा उपाय नव्हे. अल्कोहोलने भिजवलेल्या सुती फडक्याने सगळा थर काढून टाकावा, खालचे प्लॅस्टिक चांगले असते. हेच फडके कळांवर मात्र नेऊ नये, छापलेली अक्षरे पुसली जातात.

मग सेल. यंत्रातला सी हा कप्पा म्हणजे निव्वळ रॅम. इप्रॉमच्या डब्या गेल्या त्या इथे नडतात: मोठे सेल आणि बटण सेल एकाच वेळी बाहेर निघाले की लिहिलेले सगळे गेले. म्हणून बटण सेल नवा असल्याची खात्री करूनच पेन्सिल सेल बदलावेत. सेल अल्कलाइनच हवेत. घड्याळात घालतो ते साधे झिंक-कार्बन चालत नाहीत, कारण कार्डावर लिहिताना प्रवाह एकदम वाढतो आणि त्यांचे व्होल्टेज बसते, तेही नेमके फाइल अर्धी लिहून झाल्यावर. रिचार्जेबल चालतात, मात्र ते १.२ व्होल्टचे असल्याने बॅटरीचा आकडा आधीपासूनच कमी दिसतो. त्याला घाबरू नये, पण त्याच्या भरवशावरही राहू नये. याच घराण्यातल्या रेव्हो या धाकट्या यंत्रात रिचार्जेबल सेल आतच बंद केलेले आहेत. ते वर्षानुवर्षे रिकामे राहिले की मरतात आणि यंत्रही मेलेले वाटते. तिथे खोलून सेल बदलणे हाच इलाज.

यंत्र जागे झाले की पहिले काम कार्डाचे. कडेच्या खाचेत कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसते आणि डी म्हणून दिसते. जुनी कार्डे बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत शोधावीत, छायाचित्रकार बरीच वर्षे तीच वापरत होते. ६४ किंवा १२८ एमबी पुष्कळ झाले. ते फॅट १६ पद्धतीने फॉरमॅट करावे. फॅट ३२ झाले तर यंत्र कार्ड ओळखत नाही. सगळी कागदपत्रे डीवरच ठेवावीत. यंत्रातल्या वर्ड या लेखनाच्या प्रोग्रॅममधला मजकूर साध्या टेक्स्टमध्ये बाहेर काढून मग कार्ड रीडरमध्ये घालावा, कारण एपॉकचा स्वतःचा फाइल-प्रकार आजचे प्रोग्रॅम उघडत नाहीत. सीरियल केबलचा मार्गही आहे, पण तिचे टोक सायॉनचे स्वतःचे, १५ पिनांचे. मूळ केबल हाती नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

मराठी लिहिता येईल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ५एमएक्सवरची एपॉक प्रत्येक अक्षर आठ बिटांत साठवते, युनिकोड तिच्यात नाही. म्हणजे देवनागरी नाही, जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणाही नाही. त्या काळी डीटीपीवाले शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टवर चालवत तसा डाव, इंग्रजी अक्षरांच्या जागी अर्धी-पाऊण देवनागरी चित्रे ठेवायची आणि ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दाबायची, तत्त्वतः इथेही शक्य आहे. पण त्यासाठी ठिपक्यांचा फॉन्ट हाताने बनवावा लागेल. शिवाय पडद्याची उंची फक्त २४० ठिपके. वर रफार आणि खाली उकार धरून ओळीला सुमारे २४ ठिपके दिले तर जेमतेम दहा ओळी मावतात. रोमन लिपीत मराठी लिहून नंतर फोनवर लिप्यंतर करणे हाच आजचा व्यवहार्य मार्ग. देवनागरी आणि तसाच कीबोर्ड दोन्ही हवे असतील तर २०१८ मध्ये लोकांहाती पोचलेला जेमिनी हा हातात मावणारा संगणक पाहावा. त्याचा कीबोर्डही रिडिफर्ड यांचाच आणि आत अँड्रॉइड.

जून ते सप्टेंबर यंत्र झाकणाच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे. मुंबईत लेन्सला बुरशी लागू नये म्हणून करतात तसेच. महिनाभर वापर नसेल तर पेन्सिल सेल काढून ठेवावेत. बटण सेल राहू द्यावा, पण त्याच्या एकट्याच्या जोरावर सीमध्ये काही ठेवू नये. आणि रोजच्या वापरात झाकण मिटण्याची सवय सोडावी. काम थांबले की एफएन धरून एस्केप दाबायचे, यंत्र उघडेच ठेवून बंद होते. सकाळी टेबलावर एकदा उघडायचे, तेही झाकणाच्या मधोमध धरून, एका कोपऱ्याने पीळ न देता, आणि रात्री एकदा मिटायचे.