चादर (शब्द)

चादर हा मराठीत फारसीतून आलेला स्त्रीलिंगी शब्द असून त्याचा सर्वसाधारण अर्थ अंगावर पांघरण्याचे किंवा गादीवर अंथरण्याचे सलग कापड असा आहे. सोलापुरात मात्र या शब्दाला नेमका अर्थ आहे. तिथे विशेषणाशिवाय ‘चादर’ म्हटले, की जाड सुताची, जॅकार्डवर (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) विणलेली, पांघरायचीच चादर समजली जाते. गादीवर घालायच्या पातळ कापडासाठी बेडशीट किंवा पलंगपोस असा वेगळा शब्द वापरावा लागतो. बोलण्यात ‘चादर’चा उच्चार बहुधा ‘चद्दर’ असा होतो.

मूळ फारसीत या शब्दाचे दोन मुख्य अर्थ आहेत आणि ते दोन्ही आजच्या इराणात चालतात. ‘चादोर’ म्हणजे तंबू, आणि ‘चादोर’ म्हणजे स्त्रियांनी डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचे वस्त्र. इंग्रजीत व जगभरच्या वृत्तपत्रांत हा शब्द आज प्रामुख्याने या दुसऱ्या अर्थाने पोहोचला आहे. त्या वस्त्राला राजकीय इतिहासही आहे, कारण 1936 मध्ये रझाशाहांच्या राजवटीने सार्वजनिक ठिकाणी ते घेण्यावर बंदी आणली होती. पलंगावरच्या चादरीला इराणी माणूस चादोर म्हणत नाही, त्यासाठी त्याच्याकडे ‘मलाफे’ हा शब्द आहे. आपल्या अर्थाच्या जवळ जाणारा फारसी शब्द म्हणजे ‘चादोरशब’, म्हणजे रात्रीची चादर. कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात हे रंगीत चौकटींचे कापड हातमागावर विणतात आणि पूर्वापार त्यात अंथरूण-पांघरूण गुंडाळून बांधून ठेवतात. या शब्दाचा संबंध संस्कृत ‘छत्र’शी काहींनी जोडला आहे, पण त्यावर एकमत नाही.

इराणच्या पश्चिमेला तंबूचा अर्थ टिकला. तुर्कीत ‘चादिर’ म्हणजे तंबू. हंगेरियनमधील ‘शातोर’ आणि रशियनमधील ‘शात्योर’ हे तंबूवाचक शब्दही तुर्की भाषांच्या वाटेने गेलेले, याच कुळातले मानले जातात. बल्गेरियनमध्ये मात्र ‘चादर’ म्हणजे चक्क छत्री. तुर्की अमलाखालच्या त्या प्रदेशात तंबूचा शब्द डोक्यावर उघडणाऱ्या लहान तंबूला चिकटला असावा, हे समजायला अवघड नाही. पूर्वेकडचे उदाहरण याहून बोलके आहे. मलय आणि इंडोनेशियन या भाषा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत, की त्यांचे बोलणारे परस्परांशी सहज संवाद साधतात. तरीही मलेशियात ‘चादर’ म्हणजे गादीवरचे कापड आणि इंडोनेशियात ‘चादर’ म्हणजे चेहरा झाकणारा बुरखा.

भारतीय भाषांमध्ये तंबूचा अर्थ उतरला नाही, कापडाचा उतरला, आणि तो प्रांतागणिक बदलला. आसामात मेखेला-चादोर या पोशाखातील वरचे वस्त्र म्हणजे चादोर. पंजाबात विधवेच्या, विशेषतः दिराशी होणाऱ्या, पुनर्विवाहाला ‘चादर टाकणे’ म्हणत, कारण वधूवरांवर एकच चादर धरली की विवाह झाला असे मानले जाई. मोगल बागांमध्ये ज्या उतरत्या, कोरीव दगडी फरशीवरून पाणी पसरून वाहते तिला चादर म्हणतात. लडाखमधील झंस्कार नदी हिवाळ्यात गोठते, तेव्हा तिच्यावरच्या बर्फाच्या वाटेचे नावही चादरच आहे.

हिंदीत लोखंडाच्या पत्र्यालाही चादर किंवा चद्दर म्हणतात. मराठीने त्या कामासाठी ‘पत्रा’ हा शब्द राखला आहे, म्हणून उत्तर भारतातून आलेला कारागीर छपरासाठी ‘चद्दर’ मागतो, तेव्हा मराठी माणसाला क्षणभर अडखळायला होते. म्हणींतही हाच फरक दिसतो. हिंदी माणूस चादर पाहून पाय पसरतो, तर मराठी माणूस अंथरूण पाहून. दर्ग्यावर चादर चढवण्याची चाल दोन्हीकडे आहे, पण दक्षिण महाराष्ट्रात त्या वस्त्रासाठी ‘गलेफ’ हा शब्दही ऐकू येतो.

सोलापुरात हा शब्द मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चारही भाषांच्या तोंडी आहे, आणि त्यामागे कापडधंद्याचा इतिहास आहे. 1877 मध्ये येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, आजही तिला ‘जुनी मिल’ म्हणतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आधी हातमाग आणि पुढे यंत्रमाग चालवले. तेलुगूत पांघरुणाला ‘दुप्पटि’ असा जुना शब्द आहे. त्याच कुळातला शब्द मराठीत ‘दुपटे’ होऊन तान्ह्या बाळापुरता उरला आणि हिंदीत ‘दुपट्टा’ होऊन खांद्यावर गेला. म्हणजे चादरीसारखीच फाटाफूट देशी शब्दाचीही झाली. घरात दुप्पटि म्हणणारा विणकरही मागावरच्या मालाला चद्दर म्हणतो, कारण ते बाजाराचे नाव आहे.

वस्तू पाहिली की हा अर्थ नेमका कळतो. दुकानदार घडी उलगडतो, टोक पालथे करून दाखवतो आणि लाल जमिनीवरची पांढरी फुले मागच्या बाजूला पांढऱ्या जमिनीवरची लाल फुले होतात. जॅकार्डची छिद्रांची पुठ्ठ्याची पाने कोणते उभे धागे वर उचलायचे ते ठरवतात, एका रंगाचे सूत वर आले की दुसऱ्याचे खाली जाते, आणि त्यामुळे चादरीला सुलट-उलट बाजू राहत नाही. पातळ बेडशीटवरची छापील नक्षी मागून फिकट दिसते. सोलापूरकर चादर आणि बेडशीट यांत जो भेद करतो तो असा विणीतला आहे, केवळ वापरातला नाही.

सोलापुरी चादरीला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या इंग्रजी नोंदीत ब्लँकेट, शीट किंवा शाल असे कोणतेही भाषांतर न करता ‘चद्दर’ हाच शब्द, त्यातल्या दुहेरी ‘द’सह, गावाच्या नावापुढे ठेवलेला आहे.