जाड ओठांचा महसीर वेगळ्या जातीचा नव्हे

जाड, लोंबत्या ओठांचा महसीर (नदीतला मोठा मासा) वेगळ्या जातीचा, हा समज जुना आहे. दख्खनी महसीरात (टोर खुद्री, 1839 साली ब्रिटिश अधिकारी साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवलेली जात) एकाच नदीत पातळ आणि मांसल, दोन्ही ओठ दिसतात. ओठांची जाडी माशागणिक बदलते. तिच्यावर जात ठरवणे चुकीचेच.

प्रजातीसाठी (म्हणजे जवळच्या जातींचा गट, जसे टोर किंवा निओलिसोकायलस) खालचा ओठ उलटून पाहा: टोरमध्ये ओठामागची खाच मधे न तुटता सलग जाते, निओलिसोकायलसमध्ये ती तुटते. ओठांच्या जाडीपेक्षा हे कितीतरी भरवशाचे. जातीसाठी कल्ल्याच्या वरच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत पार्श्वरेषेवरचे (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या बारीक छिद्रांच्या रेषेवरचे) खवले मोजा. गळलेल्या खवल्यांचे खळगे धरायला विसरू नका. इथेच बहुतेकांचा आकडा चुकतो.