छाननी अहवालातील ‘स्वीकारार्हता’ कशी वाचावी
(पतसंस्थांच्या कर्ज समिती सदस्यांसाठी माहितीपत्रक)

आमच्या प्रणालीतून निघणाऱ्या छाननी अहवालात प्रत्येक विधानापुढे ० ते १ या दरम्यानचा एक आकडा, म्हणजे त्याची ‘स्वीकारार्हता’, छापलेला असतो. विधान खरे असण्याची ती टक्केवारी नव्हे, आणि अर्जदाराच्या सिबिल गुणांशीही त्याचा संबंध नाही. विधानावर घेतलेले आक्षेप व त्यांना मिळालेली उत्तरे हिशेबात धरल्यावर ते विधान कितपत तग धरते, एवढेच तो सांगतो.

या पद्धतीचा पाया संगणकशास्त्रज्ञ फान मिन्ह डुंग यांनी १९९५ मध्ये घातला. युक्तिवादाचा आशय बाजूला ठेवून, कोणता युक्तिवाद कोणावर आक्षेप घेतो हे दाखवणाऱ्या बाणांच्या आकृतीवरूनच काय मान्य करावे हे त्यांनी ठरवले. त्यातून स्वीकृत, फेटाळलेले किंवा अनिर्णित असा निकाल मिळतो; तो काटेकोर असला तरी समितीच्या कामाला तुटपुंजा पडतो. म्हणून आम्ही फिलिप बेस्नार आणि अँथनी हंटर या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलेले, पुढे इतरांनी चक्राकार (फिरून एकमेकांवरच येणाऱ्या) आक्षेपांनाही लागू केलेले सूत्र वापरतो: आक्षेपांच्या आकड्यांची बेरीज करून तीत १ मिळवावा आणि त्या संख्येने १ ला भागावे.

समजा, ‘अर्जदाराची परतफेडीची क्षमता पुरेशी आहे’ या विधानावर ‘गेल्या वर्षी दोन हप्ते थकले’ हा आक्षेप आहे, आणि ‘खात्यात शिल्लक होती, बँकेच्या तांत्रिक बिघाडामुळे हप्ता वळता झाला नाही’ या सोबत जोडलेल्या पत्राने त्याला उत्तर दिले आहे. पत्रावर कोणाचा आक्षेप नसल्याने त्याला १, थकबाकीच्या आक्षेपाला ०.५ आणि मूळ विधानाला ०.६७ मिळतात. डुंग यांच्या पद्धतीत हे विधान सरळ स्वीकृत ठरले असते. येथे आक्षेप दुबळा झाला तरी पुसला जात नाही, आणि आमच्या मते हेच अधिक प्रामाणिक आहे.

आता दुसरा अर्ज पाहा. एका कागदानुसार दुकानाचा गाळा अर्जदाराच्या नावावर आहे, तर दुसऱ्यानुसार त्याच्या भावाच्या. दोन्ही विधाने एकमेकांना खोडतात आणि दोघांनाही ०.६२ मिळतात. ०.६७ आणि ०.६२ हे आकडे शेजारी शेजारी दिसत असले तरी पहिल्यात आक्षेपाला उत्तर मिळालेले आहे, दुसऱ्यात मालकीचा प्रश्न मुळातच सुटलेला नाही. त्यामुळे ‘०.६ च्या वर असेल तर मंजूर’ असा सरसकट नियम समितीने करू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आकड्यासोबत आकृतीही पाहावी. दुहेरी बाण (दोन विधानांचा एकमेकांवर आक्षेप) दिसला की मूळ दस्तऐवज मागवावा.

या सूत्राला एक मर्यादा आहे. जामीनदाराची सही जुळत नाही, हा एकच अनुत्तरित आक्षेप विधानाला ०.५ वर आणतो, तर तीन किरकोळ अनुत्तरित आक्षेप ते ०.२५ पर्यंत खाली खेचतात. संख्येपेक्षा आक्षेपाच्या जोराला महत्त्व द्यायचे असल्यास बेरजेऐवजी फक्त सर्वांत प्रबळ आक्षेप धरण्याचा पर्याय प्रणालीत निवडता येतो, मात्र तेव्हा बाकीच्या आक्षेपांचा आकड्यावर काहीच परिणाम होत नाही. कोणता पर्याय चालू होता याची नोंद प्रत्येक अहवालाच्या शेवटी असते.

नोंदी भरणाऱ्या कर्मचाऱ्यांना कृपया एवढे सांगावे की, एकच आक्षेप शब्द बदलून दोनदा नोंदवू नये. बेरजेत तो दोनदा धरला जातो आणि ०.५ चा आकडा विनाकारण ०.३३ वर येतो.